लहान लिस्टेड कंपनीने भागधारकांशी किती बोलावं? कॉन-कॉल सुरू करावा का?

वहीखाते (धागाकर्ता)

विषय कोरडा आहे, पण इथे सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीए आणि मुरलेले भागधारक तिन्ही जमातींचे लोक आहेत म्हणून इथेच विचारतो.

गृहीत धरा: मेन बोर्डावरची (एक्स्चेंजच्या मुख्य यादीतली) कंपनी, कारखाना चाकण पट्ट्यात, उलाढाल १८० कोटी, नेटवर्थ ९५ कोटी, गेल्या तीन वर्षांचा सरासरी निव्वळ नफा ८ कोटी. प्रवर्तकांकडे ६८ टक्के, बाकी सगळे किरकोळ भागधारक. एकही ब्रोकरेज हिच्यावर रिपोर्ट लिहीत नाही. सीएस एक, सीएफओ (वित्तप्रमुख) एक, आयआर (गुंतवणूकदार संपर्क) विभाग नावाचा प्रकार नाही. आजवरचा शिरस्ता म्हणजे निकालाची पीडीएफ एक्स्चेंजवर टाकायची आणि पुढच्या तिमाहीपर्यंत गप्प.

बोर्डात दोन तट आहेत. एक म्हणतो एजन्सी नेमा, दर तिमाहीला कॉन-कॉल (निकालानंतर गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरं) घ्या, नाहीतर शेअरला कुणी विचारत नाही. दुसरा म्हणतो बंधनकारक आहे तेवढंच करा, जास्त बोललं की जास्त अडकतो. माझा कल मधला आहे: आधी लेखी नीट द्या, कॉल नंतर. पण ते 'लेखी नीट' म्हणजे नेमकं काय?

---

शेवटचा_बाक

सतरंजी टाकली आहे. कलम_तीस आले की चहा सांगा.

---

कलम_तीस

आलो. आधी बंधनकारक काय ते पाहू, कारण दुसऱ्या तटाला वाटतं तेवढं ते कमी नाही.

कॉन-कॉल घेणं सक्तीचं नाही. पण एकदा घेतला की एलओडीआरची (सेबीच्या लिस्टिंग नियमांची) सगळी साखळी मागे लागते. कॉलची सूचना किमान दोन कामाचे दिवस आधी, आणि त्यात सूचनेचा दिवस नि कॉलचा दिवस धरायचा नाही. म्हणजे शुक्रवारी कॉल असेल तर मंगळवारपर्यंत सूचना गेली पाहिजे. बुधवारी टाकली तर चुकलं. ऑडिओ पुढचा ट्रेडिंग दिवस उजाडण्याआधी किंवा २४ तासांत, यातलं जे आधी येईल ते. ट्रान्सक्रिप्ट पाच कामाच्या दिवसांत.

यातली खरी मेख ऑडिओची. शुक्रवारी दुपारी चारचा कॉल पाचला संपला, तर "सोमवारी सकाळी टाकू" चालत नाही, शनिवारी पाचच्या आत टाकावा लागतो. एकुलता एक सीएस त्या वेळी लग्नाला गेलेला असतो. म्हणून लहान कंपनीने शुक्रवारी कॉल ठेवूच नये.

दुसरी जागा म्हणजे निकालाचा दिवस. बोर्डाची बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत निकाल एक्स्चेंजवर हवा. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर तीन तास मिळतात. म्हणजे ३:२० ला संपवलेली बैठक आणि ३:४० ला संपवलेली बैठक यात अडीच तासांचा फरक आहे. अजेंडा तसा लावा. ३० मिनिटं कशात जातात? ऑडिटरच्या लिमिटेड रिव्ह्यू रिपोर्टवर यूडीआयएन (सीएच्या कागदाचा ओळख क्रमांक) नसतो, एमडी सही करून विमानतळाकडे निघालेले असतात, स्कॅनरवर चाळीस पानं वाकडी येतात, आणि ऐन वेळी कळतं की डिजिटल सिग्नेचरची मुदत गेल्या आठवड्यात संपली. यातलं शेवटचं प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या तारखेला तपासायचं. आणि पीडीएफ सर्चेबल द्या. फोटो काढल्यासारखी स्कॅन टाकली की वाचणारा पहिल्याच पानावर चिडतो.

---

आकडेमोड

कलम_तीस यांना अनुमोदन. "जास्त बोललं की अडकतो" म्हणणाऱ्या तटाला हे गणित दाखवा. काही घटना न विचारता जाहीर करायच्या असतात, बाकीच्यांना मटेरियॅलिटीची (जाहीर करण्याइतकी मोठी आहे का याची) चाळणी लागते: उलाढालीच्या २ टक्के, नेटवर्थच्या २ टक्के, किंवा तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यातला सर्वांत लहान आकडा.

धागाकर्त्याचे आकडे घालू. १८० कोटींचे २ टक्के ३.६ कोटी. ९५ कोटींचे २ टक्के १.९ कोटी. ८ कोटींचे ५ टक्के फक्त ४० लाख. चाळणी ४० लाखांवर बसते! उलाढाल मोठी आणि नफा पातळ अशा कंपन्यांना हा तिसरा निकष नेहमी धरतो. सरासरी काढताना तोट्याचं वर्ष वजा करायचं नाही, चिन्ह काढून आकडा घ्यायचा, हे पुष्कळ जण विसरतात.

---

कुंपणावरचा

@आकडेमोड मग दर ४५ लाखांच्या ऑर्डरची प्रेस रिलीज काढायची का? काही कंपन्या आठवड्यातून दोनदा "प्रतिष्ठित ग्राहकाकडून ऑर्डर प्राप्त" टाकत असतात. वाचून कंटाळा येतो.

---

आकडेमोड

नाही. ऑर्डरचा मुद्दा नेहमीच्या धंद्याबाहेरच्या ऑर्डरींबद्दल आहे. रोज ब्रॅकेट बनवणाऱ्याने ब्रॅकेटची ऑर्डर मिळाली म्हणून डंका पिटायची गरज नाही. टाकायचंच असेल तर एक मर्यादा लेखी ठरवा, उदा. वार्षिक उलाढालीच्या ५ टक्क्यांवरची प्रत्येक ऑर्डर, आणि मग ती रद्द झाली तरी तितक्याच मोठ्या अक्षरात टाका. मिळालेली सांगायची आणि रद्द झालेली गिळायची, इथे विश्वास जातो. एलओआय (नुसतं इरादापत्र) आणि पक्की परचेस ऑर्डर यांत गल्लत नको. रक्कम किती, किती महिन्यांत पुरी करायची, देशातली की निर्यात, प्रवर्तकांशी संबंधित पार्टी आहे का, एवढं आलं नाही तर ती सूचना नव्हे, जाहिरात.

---

सावकार_नव्हे_भागधारक

वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मला कॉन-कॉल नको, मला तेच तेच तक्ते हवेत.

दोन पानं पुरेत. पहिल्या पानावर आठ तिमाह्यांचा एकच तक्ता: विक्री, ग्रॉस मार्जिन, एबिटा (व्याज, कर, घसारा यांआधीचा नफा; इतर उत्पन्न वगळून, आणि तसं लिहून), व्याज, घसारा, निव्वळ नफा. विक्री वाढली असेल तर किती टनेजमुळे आणि किती भावामुळे, हे एका ओळीत. स्टीलचा भाव ग्राहकाकडे पास-थ्रू होणाऱ्या कंपनीत नुसती विक्रीची वाढ काहीच सांगत नाही. भाव पडला की विक्री घटते आणि मार्जिनची टक्केवारी फुगते, माल तेवढाच गेलेला असतो. दुसऱ्या पानावर क्षमता आणि वापर, पहिल्या पाच ग्राहकांचा एकत्रित वाटा, चालू भांडवली खर्चापैकी किती झाला नि किती उरला, आणि गेल्या वेळी काय म्हणालो होतो त्याचं काय झालं.

हा शेवटचा रकाना भरायला कुणीही तयार नसतो. नवीन लाइन जूनमध्ये सुरू होणार होती, ती डिसेंबरवर गेली, कारण प्रेस आयात व्हायला उशीर झाला. बस, इतकंच लिहा. ते न लिहिता चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन करतात, त्यात बारा स्लाइड देशाच्या जीडीपीवर आणि एक पवनचक्कीचा फोटो.

आणि व्याख्या बदलू नका. या तिमाहीत "ॲडजस्टेड एबिटा", पुढच्या तिमाहीत "ऑपरेटिंग एबिटा" असं झालं की मी शेअर विकूनच मोकळा होतो.

---

शेवटचा_बाक

पवनचक्की नसेल तर हातात रोपटं धरलेले दोन तळहात तरी हवेतच. हलके घ्या.

---

टेपरेकॉर्डर

@सावकार_नव्हे_भागधारक दोन पानी पत्रक हवंच, पण कॉल नको याला कडाडून विरोध. पत्रकात कंपनीला जे सांगायचंय ते येतं. कॉलवर बाहेरचा माणूस विचारतो, "उधारीचे दिवस ७० वरून ९५ का झाले?" आणि उत्तर कायमचं नोंदलं जातं. तीन वर्षांची ट्रान्सक्रिप्टं शेजारी ठेवली की व्यवस्थापन कसं आहे ते कळतं. रिपोर्ट लिहायला कुणी नसेल तेव्हा ट्रान्सक्रिप्ट हाच रिपोर्ट.

कॉलबद्दल काही बारीक गोष्टी. ऑपरेटर सुरुवातीला स्टार आणि एक दाबायला सांगतो, रांग लागते. एकाला दोनच प्रश्न, मग परत रांगेत, हे आधीच जाहीर करा. नाहीतर एकच फंडवाला वीस मिनिटं खातो आणि किरकोळ भागधारकाची पाळी येईस्तो वेळ संपतो. प्रास्ताविक दहा मिनिटांच्या वर नको, आकडे वाचून दाखवणं तर मुळीच नको. कोण कशावर बोलणार ते ठरवा: एमडी धंद्यावर, सीएफओ आकड्यांवर. एकाच प्रश्नाला दोघांनी दोन उत्तरं दिली तर पुढचे सगळे प्रश्न तिथेच अडकतात. आकडा हाताशी नसेल तर "नंतर वैयक्तिक कळवतो" म्हणू नका. एकट्याला कळवणं हाच मोठा घोळ. माहिती महत्त्वाची असेल तर ती एक्स्चेंजवर टाकावी लागते.

ट्रान्सक्रिप्ट तपासताना फक्त ऐकण्यातल्या चुका सुधारा. पंधराचे पन्नास होणं नेहमीचं आहे. दिलेलं उत्तरच चुकीचं होतं असं लक्षात आलं तर ट्रान्सक्रिप्टमध्ये हात घालू नका, ऑडिओ बाहेर आहेच. वेगळा खुलासा फाइल करा.

रच्याकने (बाय द वे), प्रवर्तक इंग्रजीत अडखळत असतील तर हिंदी-मराठीत बोलू द्या, नेमकं बोलतील. फक्त ट्रान्सक्रिप्ट करणाऱ्याला आधी सांगा, नाहीतर सगळ्यात महत्त्वाच्या उत्तराच्या जागी 'फॉरेन लँग्वेज' एवढंच छापून येतं.

---

शेवटचा_बाक

म्हणजे चाकणमध्ये बोललेलं मराठी फॉरेन! वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

कागदी_फोलिओ

वर सगळे फंडवाल्यांचं बोलताहेत. लहान, जुन्या कंपनीच्या ईमेलवर प्रत्यक्षात काय येतं ते सांगतो. "वडिलांच्या नावावर १९९४ चे ५० शेअर आहेत, सर्टिफिकेट सापडलं, आता काय?" "लाभांश जमा नाही झाला." "पत्ता बदललाय." मार्जिन विचारणारा शंभरात एखादा.

यावर उत्तर म्हणून वेबसाइटवर एक पान मराठीत आणि इंग्रजीत ठेवलं तर निम्मी पत्रं कमी होतील. कागदी फोलिओला (डिमॅट न झालेल्या शेअरच्या खात्याला) केवायसीसाठी आयएसआर-१ फॉर्म, सही जुळत नसेल तर बँकेने साक्षांकित केलेला आयएसआर-२, नामनिर्देशनासाठी एसएच-१३. हे आरटीएकडे (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एजन्सीकडे) पाठवायचं, कंपनीकडे नव्हे. १ एप्रिल २०२४ पासून केवायसी अपूर्ण असलेल्या कागदी फोलिओला लाभांश वॉरंटने मिळत नाही. केवायसी पुरी झाली की थेट बँकेतच जमा होतो. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअरसुद्धा आयईपीएफकडे (गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे) जातात आणि परत मिळवायला आयईपीएफ-५ भरावा लागतो. ही वाट लांब आहे, म्हणून अशा भागधारकांची यादी सातव्या वर्षी नोटीस म्हणून काढण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या वर्षीच पत्रं पाठवलेली बरी.

उत्तर वेळेत गेलं नाही तर माणूस स्कोअर्सवर (सेबीच्या तक्रार पोर्टलवर) जातो आणि मग २१ दिवसांत कृती अहवाल देणं भाग पडतं. तक्रार निवारणाचा ईमेल वेबसाइटवर असणं बंधनकारक आहे. तो मेल कोण उघडतं हेही एकदा पाहा. सोडून गेलेल्या माणसाच्या नावाचा पत्ता तिथे सर्रास सापडतो.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

एजीएमचा (वार्षिक सर्वसाधारण सभेचा) विषय कुणी काढला नाही अजून? पूर्वी मुंबईत एजीएम म्हणजे समोसा, वेफर्स, पेढा आणि चेअरमनच्या सुटाची स्तुती. आता व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) सगळं. स्पीकर म्हणून आधी नाव नोंदवायचं, तीन मिनिटं मिळणार, त्यातली दोन "मी ऐकू येतोय का" यात.

---

कलम_तीस

अवांतर आहे पण सांगतो: सभेच्या निमित्ताने भेटवस्तू, कूपन किंवा त्याबदली रोख देणं सेक्रेटरियल स्टँडर्ड-२ (सर्वसाधारण सभांचं मानक) नुसार बंद आहे. पेढा त्यात येतो का यावर वाद नको. :)

अवांतरातून विषयावर येतो. ज्या कंपनीचा कॉल नाही, तिच्यासाठी एजीएम हाच एकमेव दिवस जेव्हा कुणीही भागधारक थेट विचारू शकतो. प्रश्न आधी ईमेलवर मागवा, सभेत विषयवार एकत्र उत्तरं द्या, आणि प्रश्नोत्तरं वेबसाइटवर टाका. खर्च शून्य.

---

शाईचा_वास

मेन बोर्ड म्हटलंय म्हणजे निकालाची पेपरातली जाहिरातही आली, बैठकीनंतर ४८ तासांत. एक इंग्रजी दैनिक आणि नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या भाषेतलं एक, म्हणजे इथे मराठी. आता पूर्ण निकालाच्या पानाचा पत्ता आणि क्यूआर कोडही द्यावा लागतो. क्यूआर छापण्याआधी मोबाइलवर स्कॅन करून पाहा, थेट निकालाच्या पानावर गेला पाहिजे, होमपेजवर नाही.

मराठी मजकुराकडे कोणी बघत नाही. "लाखात"च्या जागी "कोटीत" छापलं तर नफा शंभरपट. भाषांतर करणाऱ्याला मागच्या तिमाहीचा मजकूर द्या, फक्त आकडे बदलायचे. आणि हे आकडे बोर्डाची बैठक संपून निकाल एक्स्चेंजवर गेल्यावरच द्या.

---

बंद_खिडकी

@शाईचा_वास तुमचं शेवटचं वाक्य सोन्याचं. बैठकीआधी ज्याच्या हाती आकडे गेले तो प्रत्येक माणूस स्ट्रक्चर्ड डिजिटल डेटाबेसमध्ये नोंदला गेला पाहिजे: नाव, पॅन, कोणती माहिती, कोणी दिली, कधी दिली. ऑडिटर, प्रेझेंटेशन बनवणारी एजन्सी, तिचा डिझायनर, भाषांतरकार, सगळे. हा डेटाबेस कंपनीच्या आत ठेवायचा, बाहेर चालवायला देता येत नाही, आणि मागून बदलता येणार नाही असा हवा. एक्सेलची फाइल म्हणजे डेटाबेस नव्हे.

एजन्सी नेमणार असाल तर पहिला प्रश्न हाच: आकडे त्यांना कधी देणार? सोपा मार्ग म्हणजे आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवलेलं प्रेझेंटेशन एजन्सीने करायचं आणि आकडे सीएफओच्या टेबलावर भरायचे.

तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत आतल्या लोकांची ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे त्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. त्या काळात गुंतवणूकदारांशी वन-ऑन-वन भेटी घेऊ नयेत. सक्ती नाही, पण "ही तिमाही कशी चाललीये" या प्रश्नावर नुसतं हसलं तरी समोरचा अर्थ काढतो. बाकीच्या वेळी भेटायला हरकत नाही. दोघांनी बसायचं, एकाने टिपण ठेवायचं, जाहीर झालेल्याच गोष्टी बोलायच्या. चुकून काही निसटलं तर वाट न बघता एक्स्चेंजवर टाकायचं. गुपचूप निस्तरायला गेलात की प्रकरण वाढतं.

---

कुंपणावरचा

एजन्सीचा विषय निघालाच आहे तर: काही जण "यूट्यूबवर इंटरव्ह्यू, टेलिग्रामवर प्रसार, शेअर हलेल" असं पॅकेज घेऊन येतात. त्यांचं काय?

---

बंद_खिडकी

दारातूनच परत पाठवा. मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्ट आणि शार्पलाइन ब्रॉडकास्ट या दोन शेअरांबाबत सेबीने अंतरिम आदेश काढले, ते यूट्यूबवरच्या दिशाभूल करणाऱ्या व्हिडिओंवरूनच. करारात दोन गोष्टी स्पष्ट लिहा: फी शेअरच्या भावाशी, व्हॉल्यूमशी किंवा मार्केट कॅपशी जोडलेली नाही, आणि एजन्सी, तिचे कर्मचारी व जवळचे नातेवाईक या शेअरमध्ये व्यवहार करणार नाहीत. दुसऱ्या अटीवर जी एजन्सी कुरकुरते तिला नेमू नका.

---

नवा_भिडू

आमची कंपनी एसएमई प्लॅटफॉर्मवर (एक्स्चेंजच्या लहान-मध्यम कंपन्यांच्या यादीत) आहे, आम्हालाही हे सगळं लागू?

---

कलम_तीस

@नवा_भिडू सगळं नाही. निकाल सहामाही, पेपरातली जाहिरात नाही, कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या तरतुदींतही सवलती आहेत. घटना जाहीर करण्याचं कलम ३० आणि इनसायडर ट्रेडिंगचे नियम मात्र पूर्ण लागू. मेन बोर्डावर जायचा विचार असेल तर वर्षभर आधी तिमाही आकडे स्वेच्छेने द्यायला लागा, सवय होते. एकदा सुरू केलं की वाईट तिमाहीतही द्यायचे, हे धरून चाला.

---

वहीखाते (धागाकर्ता)

सर्वांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. पत्रकाचा मुद्दा पटला. कॉलवर टेपरेकॉर्डर आणि सावकार यांच्यात मी अजून कुंपणावर (कुंपणावरचा यांनी जागा द्यावी). सुरू करायचाच असेल तर कोणत्या तिमाहीपासून?

---

सावकार_नव्हे_भागधारक

माझा विरोध सौम्य करतो: दर तिमाहीला नको, वर्षात दोनदा घ्या. सप्टेंबर आणि मार्चच्या निकालानंतर. कारण साधं आहे, ताळेबंद आणि कॅश फ्लो त्या दोनच वेळा निकालासोबत येतात. जून आणि डिसेंबरच्या कॉलवर उधारी आणि कर्जाबद्दल विचारलं की "सहामाहीला सांगू" असंच उत्तर मिळतं, मग कॉल कशाला?

---

टेपरेकॉर्डर

चालेल. तडजोड मान्य. मधल्या दोन तिमाह्यांना फक्त पत्रक, आणि ईमेलवर आलेले प्रश्न उत्तरांसह वेबसाइटवर.

---

कलम_तीस

मग सप्टेंबर तिमाही धरा, मुदत १४ नोव्हेंबर. शेवटच्या दोन दिवसांत ठेवू नका, त्या दिवशी शेकडो कंपन्यांचे निकाल असतात, तुमच्याकडे कुणी बघणार नाही आणि पोर्टलही रडतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बुधवारी बोर्ड, गुरुवारी अकराला कॉल. बोर्डाची सूचनाही दोन कामाचे दिवस आधी लागते, म्हणून बोर्डाची नि कॉलची सूचना एकाच दमात आधीच्या शुक्रवारी टाका. मध्ये दिवाळीची सुट्टी येते का ते पाहून दिवस मोजा. बैठक साडेतीननंतर संपेल अशी लावा, निकाल, मग लगेच दोन पानी पत्रक, दोन्ही त्याच संध्याकाळी. ऑडिओ शुक्रवारी बाजार उघडायच्या आत, म्हणजे खरं तर गुरुवारीच.

फाइल करताना उपवर्ग नीट निवडा. पत्रक "जनरल अपडेट्स"मध्ये टाकलं तर निकालाचे अलर्ट लावून बसलेल्यांपर्यंत ते पोचत नाही.

---

शेवटचा_बाक

आणि पहिल्या कॉलला कुणीच आलं नाही तर?

---

टेपरेकॉर्डर

तर प्रास्ताविक करून पंधरा मिनिटांत संपवा आणि तेवढंच ट्रान्सक्रिप्ट टाका. ईमेलवर जमलेले प्रश्न मॉडरेटरने वाचायचे, त्यासाठी पाच-सहा खरे प्रश्न आधी मागवून ठेवा. ओळखीच्यांना बसवून "अभिनंदन सर, ग्रेट सेट ऑफ नंबर्स" म्हणवून घेऊ नका, ते पहिल्या वाक्यात ओळखू येतं.